लघुकथेचं कथानक: एका दळणाच्या डब्यावरून

कथा सुचते तेव्हा ती सहसा अख्खी सुचत नाही. एखादा माणूस डोळ्यांसमोर येतो, एखादं दृश्य दिसतं, बसमध्ये कानावर पडलेलं वाक्य डोक्यात घोळत राहतं. हे झालं कथाबीज. बीज हाती लागलं की नवा लेखक लगेच लिहायला बसतो. दोन पानं झरझर होतात आणि तिसऱ्या पानावर गाडी अडते. मग वाटतं की आपल्याकडे भाषा कमी आहे किंवा अनुभव तोकडा आहे. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. पात्र उभं असतं, वातावरण असतं, फक्त त्या पात्राला काही ठरवावंच लागेल अशी वेळ त्याच्यावर आणलेली नसते. ती वेळ आणायची तजवीज म्हणजे कथानक.

ही तजवीज कशी करायची, हे एकाच उदाहरणावरून पाहू. बीज असं: पिठाच्या गिरणीत दळणाला आलेल्या गव्हाच्या डब्यात नोटांची पिशवी सापडते. धान्याच्या डब्यात पैसे नाहीतर सोन्याची वाटी दडवून ठेवायची सवय आपल्याकडच्या घरांत जुनी आहे, त्यामुळे ती पिशवी तिथे कशी, हे वाचकाला पटवत बसावं लागत नाही. चांगल्या बीजाची ही एक खूण. अर्धी गोष्ट वाचकाला आधीच ठाऊक असते.

आता पहिला, सोपा प्रयत्न. गिरणीवाल्याला पैसे सापडले, त्याने ते परत केले. ही बातमी झाली. स्थानिक वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते आणि आपण ‘अरे वा’ म्हणून पान उलटतो. कथा का झाली नाही? कारण परत करताना त्याचं काहीच गेलं नाही. म्हणून बीजाला विचारायचा पहिला प्रश्न हा: हे करणं अवघड कशामुळे होईल?

या प्रश्नाची पाच-सहा उत्तरं कागदावर लिहून काढा. पहिलं सुचेल ते असं: गिरणीवालाच अडचणीत आहे, त्यालाच पैशाची गरज आहे. हे उत्तर सगळ्यांनाच सुचतं, वाचकालाही, आणि तो शेवटापर्यंत तुमच्या आधी पोचतो. दुसरं: बाईने पैसे दारुड्या नवऱ्यापासून लपवलेत. इथे दुष्ट माणूस मिळाला, पण पेच गेला. दारुड्याला पैसे द्यायचे नाहीत हे शाळकरी मुलालाही कळतं. तिसऱ्या-चौथ्या उत्तरापाशी काहीतरी हाती लागतं. नवरा सज्जन आहे. गिरणीवाल्याचा रोजचा चहाचा सोबती आहे. त्याच्या टेम्पोचा हप्ता थकलाय. आणि बायकोने पैसे साठवलेत ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. आता दोघंही बरोबर आहेत आणि पैसे एकाच्याच कामी येणार आहेत. खलनायक लागला नाही, तरी गाठ बसली. लघुकथेत मला हीच गाठ सगळ्यात मोलाची वाटते, कारण दुष्टपणा समजावून सांगायला जागा लागते आणि लघुकथेत जागाच नसते.

आता एका वाक्यात लिहा. ‘विठ्ठल गिरणीवाल्याला मित्राच्या बायकोने नवऱ्यापासून लपवलेले चौदा हजार रुपये सापडतात, आणि त्याच दिवशी तो मित्र त्याच्याकडे दहा हजार उसने मागतो.’ पंचवीस शब्दांच्या आत कोण, त्याच्या हाती काय आलं आणि ते कशावर आदळतं, एवढं यायला हवं. या वाक्यात तीन-चार ‘आणि’ आले तर समजा, तुमच्याजवळ कादंबरी आहे किंवा दोन कथा एकमेकींत अडकल्यात. एक बाजूला ठेवा, पुढे कधीतरी कामी येईल.

उलटं रचायचं

लिहायचं सुरुवातीपासून, पण रचायचं निर्णयाच्या प्रसंगापासून मागे. त्यामुळे आधी तो प्रसंग जवळून पाहू.

तो मित्र, दत्ता, दळण न्यायला येतो. हप्त्याची तारीख परवाची आहे. तो दहा हजार मागतो, आणि विठ्ठल म्हणतो, ‘माझ्याकडे नाहीत रे.’ दत्ता मान डोलावतो. नाही तर नाही. इथे थांबलं तर प्रसंग मऊ पडतो, कारण खोटं बोलायला विठ्ठलला एक वाक्य पुरलं. खरी कसोटी पुढे आहे. दहा किलो दळणाचे साठ रुपये झाले. दत्ता शंभराची नोट पुढे करतो. सुट्टे चाळीस गल्ल्यात आहेत, आणि गल्ल्यात सुट्ट्या पैशांवरच ती पिशवी ठेवलेली आहे. वर दत्ताच्या मुलीच्या नावाचा कागद. गल्ला उघडला की सगळं उघडं पडणार. विठ्ठलचा हात गल्ल्यावरच राहतो. ‘राहू दे,’ तो म्हणतो, ‘पुढच्या वेळी दे.’ दत्ता नोट घडी करून खिशात घालतो, भिंतीवरच्या पाटीकडे बघतो, गल्ल्यावरच्या हाताकडे बघतो. पाटीवर तीस वर्षं एकच ओळ आहे: उधारी बंद.

बोलणं काहीच झालं नाही, पण दत्ताला कळलं की गल्ल्यात पैसे आहेत आणि मित्राने ते दिले नाहीत. आणि गंमत अशी की हे खरंच आहे.

निर्णय नेहमी हाताने घेता येईल असा शोधा. मनातल्या मनात ‘त्याने ठरवलं’ असं लिहिलं की वाचकाला ते ऐकून घ्यावं लागतं. गल्ला उघडायचा की नाही, हे त्याला दिसतं. दार, चावी, सही, फोन उचलणं, ताटावरून उठणं, अशी एखादी लहान कृती मिळाली की मोठा पेच त्यात मावतो.

आता मागे जायचं. हा प्रसंग घडायला काय काय लागेल? पाटी आधी दिसलेली हवी. विठ्ठल उधारी देत नाही, हे एकदा तरी घडताना दिसायला हवं, म्हणून सुरुवातीला एखाद्या पोराला तो ‘घरून पैसे घेऊन ये, मग डबा ने’ म्हणतो. पिशवी कुणाची हे त्याला कळायला हवं, म्हणून तिच्यात प्रवेशाच्या फीचा कागद, मुलीचं नाव, शेवटची तारीख. लपवलेला डबा गिरणीत आलाच कसा? दत्ताची बायको सुमन मुलीला घेऊन फॉर्म भरायला जिल्ह्याच्या गावी गेलीय, घरातलं पीठ संपलं, म्हणून धाकट्या मुलाने खालचा साठवणीचा डबाच उचलून आणला.

मग पळवाटा बुजवायच्या. कोणत्याही पेचाला वाचक पहिली हरकत घेतो ती हल्ली एकच असते: फोन का नाही केला? ‘रेंज नव्हती’ हे उत्तर देऊ नका, ते लेखकाच्या सोयीचं आहे आणि वाचकाला ते लगेच कळतं. उलट विठ्ठलला फोन करू द्या. सुमन पलीकडून म्हणते, ‘भाऊजी, ह्यांना सांगू नका. तुमच्या पाया पडते.’ आता विठ्ठल शब्दाने बांधला गेला. बुजवलेल्या पळवाटेने पेच आणखी आवळला. प्रत्येक पळवाट अशी कामाला लावता येते का, ते आधी पाहावं.

‘त्याच दिवशी’ मित्राने पैसे मागणं हा योगायोग नाही का? आहे, थोडासा. पात्राला संकटात ढकलणारा एक योगायोग वाचक मान्य करतो, तोही सुरुवातीला. संकटातून सोडवणारा योगायोग तो कधीच माफ करत नाही. शिवाय इथे दत्ता येतो तो दळण न्यायला, आणि हप्ता आणि फी दोन्ही महिन्याच्या सुरुवातीलाच येतात. इतकं कारण पुरतं.

‘मग’ आणि ‘म्हणून’

प्रसंगांची जुळणी तपासायची जुनी आणि अजूनही न चुकणारी कसोटी आहे. दोन प्रसंगांच्या मध्ये ‘आणि मग’ बसतं की ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं, ते पाहा. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल लिहिताना हाच फरक धरला होता: एकानंतर एक घडणं वेगळं, एकामुळे एक घडणं वेगळं. आपली साखळी अशी होते. पीठ संपलं म्हणून मुलाने साठवणीचा डबा आणला. त्यामुळे पिशवी सापडली. विठ्ठलने सुमनला फोन केला म्हणून तो शब्दात अडकला. पण दत्ताने पैसे मागितले. शब्द दिला होता म्हणून गल्ला उघडला नाही. गल्ला उघडला नाही म्हणून उधारी दिली. उधारी दिली म्हणून दत्ताला कळलं.

यात कुठे ‘आणि मग’ आलं, तर तो प्रसंग काढून बघा. बाकीची कथा जशीच्या तशी उभी राहिली तर तो अनावश्यक होता, कितीही सुंदर लिहिलेला असला तरी. जत्रेचं वर्णन, आजीची आठवण, पावसाचे दोन परिच्छेद इथेच गळतात.

कामाची पद्धत म्हणून प्रत्येक प्रसंगासाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्या. त्यावर तीनच ओळी: या प्रसंगात कोणाला काय हवंय, प्रसंग संपताना काय बदललंय, आणि त्यामुळे पुढे काय होणार. मधली ओळ रिकामी राहिली की कागद बाजूला. अडीच हजार शब्दांच्या कथेत पाच-सहापेक्षा जास्त कागद झाले तर पसारा वाढलाय.

शब्दांचं अंदाजपत्रक

कथास्पर्धा आणि दिवाळी अंक यांच्याकडून अनेकदा दोन-तीन हजार शब्दांची मर्यादा येते, म्हणून अडीच हजार धरू. गिरणी, पाटी आणि उधारी नाकारणं यांना ४०० शब्द. पिशवी आणि फोनला ४५०. गल्ल्याच्या प्रसंगाला ८००. सुमन येऊन पिशवी नेते, त्याला ३५०. टेम्पो ओढून नेला जातो आणि चहा तुटतो, त्याला २५०. शेवटाला २५०. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश शब्द एकाच प्रसंगावर खर्च होतात, आणि व्हायलाच हवेत. नव्या लेखकाचं अंदाजपत्रक नेमकं उलटं असतं. हजार शब्द गाव आणि पात्रांच्या ओळखीत जातात आणि निर्णायक प्रसंग दीडशे शब्दांत गुंडाळला जातो, कारण तिथे पोचेपर्यंत लेखक दमलेला असतो. त्यावर एक साधा उपाय आहे: गल्ल्याचा प्रसंग सगळ्यात आधी लिहून काढा.

टेम्पो नेला जातो तो भाग २५० शब्दांतच का? तो दृश्य म्हणून लिहिला, आरडाओरडा, शेजारी, रडणं, तर कथा दत्ताची होऊन बसेल. आपली कथा विठ्ठलची आहे. त्याला ते गिरणीच्या दारातून दिसतं किंवा कुणीतरी दळण ठेवता ठेवता सांगतं. दृश्य लिहायचं ते निर्णय आणि त्याची झळ जिथे आहे तिथे. बाकीचं सांगून मोकळं व्हायचं.

एका बैठकीत वाचून होईल इतकी कथा आणि तिचा एकच एकसंध परिणाम, ही कल्पना एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४२ मध्ये एका पुस्तक-परीक्षणात मांडली. कथालेखनाच्या वर्गात फळ्यावर जो चढत जाऊन उतरणारा त्रिकोण काढतात, तो मात्र मूळचा लघुकथेचा नाही. गुस्ताव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये पाच अंकी नाटकासाठी तो बांधला. पाच अंकांत उताराला एक अख्खा अंक मिळतो. लघुकथेत शिखरानंतरचा उतार लांबवला की ती ढिली पडते, म्हणून त्रिकोण जसाच्या तसा उचलू नये.

मराठीत कथानकाबद्दल थोडी अढीही आहे. ना. सी. फडके यांनी कथेच्या बांधेसूद रचनेच्या तंत्राचा आग्रह धरला. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने रचलेपणाचा तो साचा मोडला. त्यावरून ‘चांगल्या कथेला कथानक लागत नाही’ असा सोयीचा अर्थ पुष्कळांनी काढला. तो चुकीचा आहे. नवकथेने घटनांचा गजर कमी केला आणि निर्णायक क्षण माणसाच्या मनात नेला. एकामुळे एक घडणं तिथेही असतं, फक्त जास्त बारकाईने वाचावं लागतं.

वाचकाला केव्हा काय सांगायचं

तीच कथा दोन प्रकारे मांडता येते. एक, पिशवीचा पत्ता वाचकाला लागू द्यायचा नाही, विठ्ठल गल्ला का उघडत नाही याचं कोडं ठेवायचं आणि शेवटी उलगडा करायचा. दुसरं, पिशवी आधीच दाखवायची. पहिल्यात एक धक्का मिळतो, क्षणभराचा. दुसऱ्यात शंभराची नोट पुढे आल्यापासून वाचक श्वास रोखून बसतो, कारण गल्ल्यात काय आहे ते त्याला माहीत आहे आणि दत्ताला नाही. शिवाय कथा विठ्ठलच्या नजरेतून सांगतोय. त्याला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून दडवली तर शेवटी वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. ज्याच्या डोक्यात बसून कथा सांगायची, त्याला ठाऊक असलेलं लपवू नये. लपवायचंच असेल तर कथा धाकट्या मुलाच्या नजरेतून सांगा, त्याला खरंच काही माहीत नाही. पण मग निर्णयाची झळ लांब जाते. नजर निवडताना हाच हिशेब करावा: निर्णयाची किंमत कोण मोजतंय? सहसा कथा त्याचीच.

पाटी पहिल्या पानावर दाखवताना तिच्याकडे बोट दाखवू नका. ‘ही पाटी पुढे महत्त्वाची ठरणार होती’ असं लिहिलं की संपलं. पिठाची पांढरी साय चढलेल्या भिंतीवर, पट्ट्याच्या थरथरीने किंचित तिरकी झालेली, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, अशी इतर वस्तूंच्या घोळक्यात ती येऊ दे. पुढे कामी येणारी वस्तू आधी एकदा वापरात दिसली की पुरे. दोनदा दिसली तर वाचक सावध होतो, एकदाही नाही तर ती ऐनवेळी उपटल्यासारखी वाटते.

शेवट

या कथेला सहज सुचणारे दोन शेवट आहेत आणि दोन्ही बिघडवणारे आहेत. पहिल्यात सुमन नवऱ्याला सगळं सांगते, दत्ता धावत येऊन विठ्ठलला मिठी मारतो. इथे विठ्ठलने मोजलेली किंमत लेखकाने व्याजासकट परत केली, म्हणजे निर्णय फुकट झाला. दुसऱ्यात दहा वर्षांनी विठ्ठल दवाखान्यात आहे आणि तीच मुलगी नर्स म्हणून समोर उभी. हा सोडवणारा योगायोग आहे आणि वर दुसऱ्याच कथेची सुरुवात आहे. मृत्यू, अपघात, स्वप्नातून जाग येणं, वेड लागणं हेही याच माळेतले. पेच सोडवता आला नाही की लेखक पात्रालाच कथेतून उचलतो.

शेवट शोधायला बाहेर जायची गरज नसते, तो कथेत आधी येऊन गेलेल्या वस्तूंमध्येच असतो. आपल्याजवळ काय आहे? पाटी, गल्ला, साठ रुपये, चहा. दत्ता आठवडाभराने स्वतः दळण घेऊन येतो. डबा काट्यावर ठेवतो. खिशातून मोजून साठ रुपये काढतो, सगळे सुट्टे, आणि गल्ल्यावर ठेवतो. ‘मागचे,’ एवढंच म्हणतो. विठ्ठल समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवतो, दोन चहा. दत्ता तोवर पायरी उतरलेला असतो.

उधारी फिटली आणि त्याबरोबर मैत्रीही. कोणीही काही समजावलं नाही. इथे ‘विठ्ठलला कळून चुकलं की…’ अशी ओळ लिहायचा मोह होतो. ती पहिल्या खर्ड्यात लिहा हवी तर, म्हणजे शेवट कशाबद्दल आहे ते तुम्हाला पक्कं होईल. दुसऱ्या खर्ड्यात ती काढा.

पहिला खर्डा झाला की तो आठ-दहा दिवस बाजूला ठेवून पुन्हा प्रसंगवार कागद करा, पण या वेळी जे लिहिलंय त्यावरून. ठरवलेले सहा आणि लिहिलेले नऊ असं बऱ्याचदा निघतं. पहिले दोन परिच्छेद झाकून कथा तिसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर ती तिथूनच सुरू होते. पहिल्या पानावर पात्र आठवणींत शिरलं असेल तर ती आठवण मधल्या प्रसंगात हलवा. वाचक वर्तमानात रुळायच्या आधी त्याला भूतकाळात नेलं की तो दोन्हीकडे उपरा राहतो. नावं मोजा. तीनपेक्षा जास्त माणसांना नाव दिलं असेल तर प्रत्येकाला विचारा की तो ‘धाकटा मुलगा’, ‘टपरीवाला’ म्हणून चालला नसता का. आणि मध्यभाग रेंगाळत असेल तर तिथली क्रियापदं बघा: विठ्ठल बघतो, ऐकतो, आठवतो, विचार करतो, असंच असेल तर त्याच्या हाताला काम द्या. पिशवी गव्हातून बाहेर आल्यावर तो ती कुठे ठेवतो? पहिल्यांदा पिठाच्या पिंपामागे, मग कपाटात, मग कपाटाला कुलूप नाही म्हणून गल्ल्यात. या तीन हालचालींत मध्यभाग जागा होतो, आणि पिशवी गल्ल्यात कशी आली हेही वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.